लेकुरवाळ्यांची शिदोरी



परमार्थाच्या मासिकात हा म्हातारा लंगोट-दुपट्यांविषयी काय लिहीत बसला, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. आता माझ्याच्याने उभे राहून कीर्तन होत नाही, पण माळकरी मंडळी घरी येऊन बसतात. पूर्वी विचारायची, महाराज, यंदा पायी की गाडीने? आता विचारतात, मुलगा-सून सुट्टीला परदेशी निघालेत, लेकरं लहान आहेत, आम्हालाही चला म्हणतात, पिशवीत काय भरू? ज्यांना विचारायला कोणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आम्ही दुबईला गेलो होतो, म्हणून सांगतो ते दुबईचेच. दुसऱ्या देशाचे नियम दुसरे असतील, ते तुम्ही विचारून घ्या.

आमच्याबरोबर नातू सात महिन्यांचा आणि नात अडीच वर्षांची. भाऊबीज झाल्यावर निघायचे आणि कार्तिकीच्या आत परतायचे, एवढी एकच अट मी घातली होती.

आमच्या वडिलांची वारीची पडशी मला अजून आठवते. एक धोतर, एक बंडी, पंचा, टाळ, आणि तिखटमिठाची पुरचुंडी. तेव्हा दिंडीबरोबर मालमोटारी नव्हत्या. ज्याचे ओझे त्याच्याच पाठीवर. निघण्याआधी ते पडशी खांद्यावर टाकून घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालून यायचे आणि परत येऊन दोन वस्तू काढून ठेवायचे. मी सूनबाईंना हेच करायला लावले. लेकरू कडेवर घे, पिशवी खांद्याला लाव आणि जिना उतरून चढून ये. पहिल्या फेरीत ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. पिशवीतून दोन डबे, एक टेबलफॅन (हो, टेबलफॅन, लहान, बॅटरीवरचा) आणि सात झबली बाहेर आली.

जनाबाईंना विठोबा लेकुरवाळा दिसला. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी बोट धरलेले. कीर्तनात हे चित्र मी कितीदा उभे केले असेल. पण त्या देवाच्या अंगाखांद्यावर सगळी लेकरेच आहेत, बोचके एकही नाही, हे माझ्या ध्यानात आले ते त्या जिन्यावर. लेकरू घेऊन प्रवास करणाऱ्याचा एक हात कायम मोकळा पाहिजे. तेव्हा खांद्याला अडकवायची पिशवी घ्या, हातात धरायची नको.

आता कागदपत्रे, कारण त्यांच्यावाचून पुढचे काहीच नाही. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि व्हिसाही. आईच्या पासपोर्टात नाव घालून भागत नाही. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो आणि अर्जासोबत आईवडील दोघांच्या सह्यांचे पत्र लागते. दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी जागा नसते, ते मांडीवर बसते, पण तिकीट मात्र त्याचेही काढावे लागते. आणि दोन वर्षे पूर्ण झाली की जागा घ्यावीच लागते. लसीकरणाचे कार्ड बरोबर ठेवा. नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळाची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर ती आधी टोचून घ्या आणि मग निघा. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. एवढे पुरे.

आता खसखशीचे. हे मात्र नीट वाचा.

खसखस ही अफूच्या बोंडातली बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते आणि दिवाळीत तिच्यावाचून चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती बंद आहे. तिथे ती अमली पदार्थांत धरतात. थोडी आहे, घरची आहे, खाण्यातली आहे, हे कोणी ऐकून घेत नाही. पकडले गेले तर अटक होऊ शकते. आता तुमच्या फराळाचा डबा डोळ्यांसमोर आणा. अनारसे खसखशीवर थापलेले. करंजीच्या सारणात खसखस. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खसखस. कित्येक घरांत गोड्या मसाल्यातही खसखस. म्हणजे आजीचे प्रेम जेवढे जास्त, तेवढा धोका जास्त.

आमच्या घरातून तर चार दिवस आधीपासून भाजणे-कुटणे चाललेले. सूनबाई अंगावर पाजणारी, म्हणून डिंकाचे लाडू मुद्दाम केलेले. सूनबाईंनी जेव्हा हलक्या आवाजात सांगितले, "आई, यात खसखस आहे, हे तिथं नेता येणार नाही," तेव्हा घरातून उत्तर आले, "माझ्या हातचं खाऊन कुणाला तुरुंग होतो का गं?" मग दोघी गप्प. मुलाने मोबाइलवर नियम काढून वाचून दाखवला. त्या ऐकून घेऊन उठल्या, डबा फडताळात ठेवला आणि कढई पुन्हा चुलीवर चढवली. रव्याचे लाडू, शेव, साध्या पोह्यांचा चिवडा. रात्री अकरापर्यंत. मला वाटते, आमच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी रागाने केलेले लाडू इतके छान कधी झाले नव्हते.

आणि मग शेजारची मंडळी. दुबईला निघालो ही बातमी आळीत पसरली की पुडकी येऊ लागतात. "आमच्या मुलाला एवढं पोचवा, किलोभरच आहे." वारकऱ्याला नाही म्हणणे जड जाते. त्यातून पुडके घेऊन येणारी बाई एकादशी करणारी, आमच्याच भजनी मंडळातली. पुडके शिवलेले, वर नाव लिहिलेले. मी तिच्यासमोर म्हटले, ताई, हे उघडून पाहू या. तिचा चेहरा उतरला. उघडले तर आत अनारसे. मी कारण सांगितले, अनारसे परत केले, बाकी चकल्या आणि शंकरपाळे घेतले. पण तिला लागले ते अनाऱ्शांचे नाही, पुडके उघडल्याचे. पुढचे दोन भजनाचे गुरुवार ती आली नाही. तरीही मी पुन्हा तसेच करीन, आणि तुम्हालाही तेच सांगतो. विमानतळावर तुम्हाला विचारतात, सामान तुम्ही स्वतः भरले का? परक्याचे शिवलेले पुडके घेऊन त्याला हो म्हणायचे, तर ते खोटे बोलणे आहे. गळ्यात माळ घालून खोटे कसे बोलावे? आणि मांडीवर सात महिन्यांचे पोर असताना आईला चौकशीसाठी आत बसवून ठेवले, तर त्या पोराला पाजणार कोण?

जाता जाता, विड्याची पाने आणि पान-मसालाही तिथे चालत नाही. ज्यांना समजायचे ते समजतील. तुळशीची माळ घालून तंबाखूची डबी बाळगणाऱ्यांना मी आयुष्यभर सांगून थकलो, त्यांना आता विमानतळावरचे शिपाई सांगतील.

पूजेच्या पिशवीचेही सांगतो. कापूर पेट घेणारा पदार्थ म्हणून विमानात चालत नाही. काडेपेटी सामानात चालत नाही. आणि सुके खोबरे, हे पुष्कळांना ठाऊक नसते, तेही चालत नाही. वाळल्या खोबऱ्यात तेल असते, ते तापून पेटू शकते, म्हणून. खोबरे-साखरेचा प्रसाद घेऊन निघालेल्या एका आजोबांची वाटी आमच्यासमोरच बाजूला काढली. त्यांनी वाद घातला नाही. नमस्कार केला आणि पुढे गेले. नैवेद्याला खडीसाखर न्या. निरांजन घरीच ठेवा. तिथल्या हॉटेलच्या खोलीत धूर झाला की वरती घंटा वाजते.

औषधे. आपल्याकडे खोकल्याचे औषध म्हणजे कपाटातली अर्धी बाटली. तिथे कोडीन असलेली औषधे परवानगीवाचून नेता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. तेव्हा बाटलीवरची नावे डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घ्या, औषध मूळ बाटलीतच न्या. पुड्या बांधून नको. शिवाय सर्दीच्या एका जोडऔषधाबद्दल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेल्या, २०२३ च्या डिसेंबरात आपल्या सरकारनेच बजावले आहे की चार वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये. मोठ्या भावाचे उरलेले औषध धाकट्याला अर्धा चमचा, ही आपली जुनी रीत आता सोडावी.

बाळाच्या औषधांत आम्ही घेतले ते असे: तापाचे पॅरासिटॅमॉल, डॉक्टरांनी वजनावर मात्रा लिहून दिलेले, ताप मोजायची नळी, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि ओआरएसच्या चार पुड्या. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. लेकरू लहान म्हणून अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकू नका. औषध वाया जाते आणि मीठ जास्त होते. सगळी पुडी लिटरभर पाण्यात, आणि त्यातले चमच्या-चमच्याने. उरलेले दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचे. वारीतही हेच, म्हणून मुद्दाम लिहिले.

गुटीचा प्रश्न राहिला. सहाण, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध, सगळे एका कापडात बांधून आमच्या घरातून पिशवीत घातलेच होते. सूनबाईंनी ते काढले. त्यांनी परत घातले. हे दोनदा झाले. शेवटी आमच्याकडे न्याय आला. मी म्हटले, लेकराची आई सांगेल ते. पाठांतर माझे, पोर तिचे. गुटीविषयी मी वैद्य नाही, तेव्हा बोलत नाही. पण मधाविषयी बोलतो, कारण ते सगळे डॉक्टर एकमुखाने सांगतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध चाटवायचा नाही. मधात एका जंतूचे बीज असू शकते. मोठ्यांना ते बाधत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढते आणि त्याचे विष बाळाला लुळे करते. सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस बारशाला असो की प्रवासाला, ती आवरावी. पूर्वी शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवत. तीही रीतच होती, आणि गेली ते बरेच झाले. विमानात पोर रडेल म्हणून झोपेचे औषध देऊ का, असे विचारणारे मला अलीकडे भेटले, तेव्हा मला ती बाळगोळी आठवली.

आता जे लिहितो त्याने काही माळकरी माझ्यावर रागावतील.

नातवाच्या गळ्यात तुळशीची माळ घालून न्यावे, असे आमच्या घरातून ठरलेले. एवढा समुद्र ओलांडून जायचे, गळ्यात माळ असलेली बरी. भावना खरी आहे, माझीही तीच आहे. पण सात महिन्यांचे लेकरू पालथे पडते, रांगायला बघते, हाताला लागेल ते तोंडात घालते. निजलेल्या तान्ह्याच्या गळ्यात दोरा नको, मग तो काळा असो, सोन्याचा असो की तुळशीचा. कुठे अडकला तर फास, तुटला तर मणी घशात. माळ ही व्रताची खूण. व्रत घ्यायला समज लागते. आपल्या संप्रदायात माळ घालताना माणसाला विचारतात, पाळशील का? सात महिन्यांचे पोर काय सांगणार? मी ती माळ माझ्याच गळ्यात घातली, माझ्या माळेबरोबर. तो मोठा झाला आणि म्हणाला, आजोबा, घाला, तर घालीन. आमच्या घरातून त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. पण विमानात बसल्यावर नातवाने माझ्या गळ्यातली माळ धरून जो हिसका मारला, तो पाहून त्या म्हणाल्या, "अहो, बरं झालं."

तीर्थाचेही तसेच. चंद्रभागेच्या पाण्याची छोटी बाटली प्रवासात बरोबर असावी, ही आमची घरची रीत. ती आम्ही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात घातली, कारण हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरहून मोठी पाण्याची बाटली चालत नाही. बाळाचे दूध आणि खाणे लागेल तेवढे नेता येते, फक्त तपासणीला वेगळे काढून दाखवायचे. तीर्थ लेकराच्या डोळ्यांना लावा, कपाळाला लावा. तोंडात घालू नका. नदीचे पाणी आता आपल्या लहानपणचे राहिलेले नाही, आणि तान्ह्याच्या पोटाला उकळून गार केलेल्या पाण्यावाचून दुसरे पाणी नको. माउली, चंद्रभागा आई आहे. आईलाही ठाऊक असते की लेकराला काय सोसते.

विमान मुंबईहून तीन-साडेतीन तासांचे. वर चढताना आणि खाली उतरताना कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, लेकराला ते कळत नाही, ते रडते. म्हणून त्याच वेळी त्याला पाजायचे. मोठीला खडीसाखर द्यावीशी वाटेल, पण अडीच वर्षांच्या पोराला कडक गोळी नको. पाण्याचा घोट द्या. हातातल्या पिशवीत काय हवे, याचा एक सोपा हिशेब आहे. दारापासून दारापर्यंत जेवढे तास, तेवढे डायपर आणि वर तीन. बाळाचे दोन कपड्यांचे जोड. आणि हे कोणी सांगत नाही, आईचाही एक जोड. ओकारी बाळ करते, पण बसते ती आईच्या अंगावर. एक प्लास्टिकची पिशवी ओल्या कपड्यांसाठी. जुन्या लुगड्याचे एक मोठे फडके. पांघरूण तेच, आडोसा तोच, पुसायलाही तेच, आणि बाळाला पाजताना पदर कमी पडला तरी तेच.

जास्त काय नेले? डायपर. मुलाने पासष्ट नेले होते. तिथे दुकानादुकानांत मिळतात. बर दुबई आणि करामा भागात तर आपली डाळ, पोहे, नाचणीचे पीठ, सगळे मिळते. रस्त्यावर मराठीही कानावर पडते. तेव्हा तिथे मिळणाऱ्या वस्तूंचे ओझे इथून वाहू नये. मिळत नाही ते न्यावे. आम्ही नेलेले तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून केलेले पीठ फार कामाला आले. गरम पाण्यात शिजवले की पाच-सात मिनिटांत पेज. त्यासाठी एक लहान पातेले आणि विजेची शेगडी नेली होती. पण तिथल्या भिंतीतली भोके चौकोनी तीन पिनांची, आपली गोल पिन त्यात जात नाही. ती जोडणारी खुंटी इथूनच घ्यावी, स्वस्त पडते. शेगडी लावण्याआधी हॉटेलवाल्यांना विचारायलाही विसरू नये.

वेळेतही दीड तासाचा फरक. तिथले घड्याळ मागे. बाळाच्या पोटाला हे कोण सांगणार? आमचा नातू तिथल्या पहाटे साडेचारला उठून बसला, कारण त्याचे सहा वाजले होते. माझी तर काकड्याची सवय. दोघे खिडकीत बसलो. नामस्मरणाला असा सोबती मला पूर्वी मिळाला नव्हता.

कपडे सुती न्या. बाहेर ऊन आणि इमारतीत शिरले की हुडहुडी, असा तिथला प्रकार. टोपडे आणि पायमोजे बाहेरच्यासाठी नव्हे, आतल्यासाठी लागतात. गाडीत लहान मुलांना त्यांच्या खुर्चीत बांधून बसवण्याचा कायदा आहे. मांडीवर घेऊन बसायची आपली सवय तिथे चालत नाही, आणि खरे तर इथेही चालू नये. गाडी ठरवताना खुर्ची आहे का ते विचारा. जेबेल अली भागात २०२२ साली नवे मोठे हिंदू मंदिर झाले, तिथे आम्ही गेलो. बाबागाडीपेक्षा झोळी बरी, असे मला तिथल्या गर्दीत वाटले. कापडाची झोळी, छातीशी बांधायची, म्हणजे पुन्हा तेच, हात मोकळे.

पिशवीत न मावणारी एक गोष्ट राहिली. हॉटेलला पोहण्याचा हौद होता. काठाशी आम्ही चार मोठी माणसे आणि दोन पोरे. चार जण असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतोय. तेरच्या गोरोबाकाकांचे आख्यान तुम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. बायको पाण्याला जाताना पोराकडे बघा म्हणून सांगून गेली. काका चिखल तुडवत नामात रंगलेले. पोर रांगत आले. त्या जागी मी नेहमी थांबायचो, कारण समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. ते आख्यान सांगताना आपण भक्तीची थोरवी सांगतो, आणि ती आहेच. पण ती आई परत आली तेव्हा तिने काय पाहिले, हेही त्याच आख्यानात आहे. काका विठ्ठलात हरवले होते. हौदाच्या काठी बसलेली माणसे कशात हरवलेली असतात ते तुम्ही पाहिलेच आहे, प्रत्येकाच्या हातात एक एक. पांडुरंगाने गोरोबांना लेकरू परत दिले. तेवढे पुण्य आपल्या गाठीला आहे असे धरून पाण्याकाठी बसू नये. आम्ही एक नेम केला. पोराकडे कोण बघतोय ते तोंडाने बोलायचे. "आता नजर तुझी," आणि समोरच्याने "माझी" म्हणायचे. वीणेकरी वीणा खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देतो, तसे. नातीला हा खेळच वाटला. ती येता-जाता म्हणायची, आजोबा, नजर कुणाची?

तिच्या गळ्यात आम्ही बिल्ला घातला नाही. दिंडीत लहानग्यांच्या गळ्यात दिंडीच्या नंबराचा बिल्ला असतो, पण इथे गळ्याऐवजी सदऱ्याच्या आत, पाठीवर, कापडाची पट्टी शिवली. तिच्यावर बापाचा मोबाइल नंबर आणि हॉटेलचे नाव, इंग्रजीत. बाहेरून नाव दिसेल असे लिहू नये. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसामागे पोर जाते. तसेच रोज सकाळी दोन्ही पोरांचा एक फोटो काढायचा. हरवले तर अंगावर कुठला सदरा होता ते आईला त्या घाईत आठवत नाही, फोटो दाखवता येतो. पंढरपुरात कर्ण्यावरून हरवलेल्या लेकरांची नावे पुकारताना मी वर्षानुवर्षे ऐकली आहेत, आणि "अंगात काय होतं?" या प्रश्नावर आयांना रडू कोसळताना पाहिले आहे. ही युक्ती वारीलाही उपयोगी पडेल.

नवमीच्या रात्री आम्ही परत आलो. पिशवी रिकामी करायला सवड नव्हती. पासपोर्ट कपाटात गेले, चौकोनी खुंटी खुंटाळ्याला अडकली, उरलेले डायपर सूनबाईंनी ठेवून घेतले. पेजेचे पीठ, लुगड्याचे फडके आणि ओआरएसच्या पुड्या तशाच पिशवीत राहिल्या, आणि तीच पिशवी खांद्याला लावून दशमीला आम्ही दोघांनी पंढरीची एस. टी. धरली. टेंभुर्णीच्या पुढे एका बाईचे पोर सारखे जुलाब करत होते. चारांपैकी दोन पुड्या तिथे गेल्या. पाणी एक लिटरच आहे ना, हे आमच्या घरातून तिला तीनदा विचारून घेतले.